खटावकर सर आणि हिरवा कीबोर्ड

खटावकर सर गेले त्या आठवड्यात आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आठवणींची रीघ लागली होती. कुणी लिहिलं, सरांनी मला हात धरून सोल्डरिंग शिकवलं. कुणी लिहिलं, माझे वडील मिरजेला दवाखान्यात होते तेव्हा सर स्वतः डबा घेऊन यायचे. एकानं जुना फोटो टाकला होता. पांढरा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर, समोर पोट उघडून ठेवलेला टीव्ही, आणि सर कॅमेऱ्याकडं न बघता टीव्हीकडंच बघतायत.

मी सगळं वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्या डब्यातलं पिठलं मीही खाल्लेलं आहे. पण मी एक ओळसुद्धा लिहिली नाही, आणि ते लोकांच्या लक्षात आलं. माने मॅडम, तुम्ही तर सरांच्या सगळ्यात जवळच्या, तुम्हीच गप्प कशा, असं दोघातिघांनी फोन करून विचारलं. फोनवर मला सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सर आम्हाला सांगलीच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. पहिल्याच दिवशी ते एक बंद पडलेला रेडिओ घेऊन वर्गात आले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, याला काय झालंय ते सांगा. आम्ही शाळेच्या गाईडातलं आठवेल ते सांगत सुटलो. कुणी ट्रान्झिस्टर म्हणालं, कुणी कॉइल. सरांनी सगळ्यांना शून्य दिलं. "स्क्रू ड्रायव्हर द्या असं एकजण तरी म्हणालं का?" एवढंच विचारलं आणि रेडिओ उघडला. आत सेलवरून गंज उतरला होता. "आधी उघडून बघ" हे त्यांचं वाक्य तेव्हापासून आमच्या मागं लागलं. पोरं चेष्टेनं एकमेकांना टिफिन उघडतानाही तेच म्हणायची.

त्यांचा कान विलक्षण होता. लॅबमध्ये आम्ही टाइप करत बसलो की ते बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहायचे. मग दारातून डोकं आत घालून म्हणायचे, "माने, तुझ्या एमची स्प्रिंग गेलीय." बघावं तर खरंच गेलेली असायची. आवाजावरून कोण बसलंय तेही त्यांना कळायचं. मला पहिल्या वर्षापासून ते माने म्हणायचे. माझं लग्न झालं, आडनाव बदललं, त्याच संस्थेत मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले, तरी त्यांच्या तोंडी मी मानेच राहिले. मग बाकीचेही मला माने मॅडमच म्हणायला लागले.

मिरजेच्या एका दवाखान्यात एकदा अतिदक्षता विभागातलं यंत्र बंद पडलं. कंपनीचा इंजिनिअर यायला वेळ होता. सरांना बोलावणं आलं. ते सकाळी गेले आणि दिवसभर जेवलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी यंत्र सुरू झालं. दवाखान्यानं पुढं एक छोटा समारंभ केला. सरांनी शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही, मी काही विशेष केलं नाही म्हणाले. आम्हाला केवढा अभिमान वाटला. पण त्याच समारंभात डॉक्टरांनी बोलता बोलता कंपनीच्या इंजिनिअरचेही आभार मानले होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी मला विचारलं, "यंत्र कुणी दुरुस्त केलं, माने?" मी म्हणाले, तुम्ही. त्यांनी मान हलवली. पण त्यांनी ते सगळ्यांना विचारलं. शिपायालाही विचारलं. पुढं कितीतरी महिने त्या दवाखान्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. शाल नको म्हणणारा माणूस आभारातल्या एका नावानं एवढा का दुखावला, ते मला तेव्हा कळलं नाही. मोठ्या माणसाचा लहरीपणा म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

आणि त्यांना भाषा शुद्ध लागायची. आमच्यात जत, आटपाडी, माण इकडची बरीच मुलं असायची. एकदा जतकडची एक मुलगी उभी राहून म्हणाली, सर, करंट येत न्हाई. सर म्हणाले, काय येत नाही? ती म्हणाली, करंट. "नाही येत की न्हाई येत?" तिला कळेना. सरांनी तिच्याकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. वर्ग हसायला लागला, तसा तिचा आवाज आणखी बारीक होत गेला. सर ओरडले नाहीत, चिडले नाहीत. उलट हसतमुखानं म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच आहे, उद्या मुलाखतीला जाशील तेव्हा माझी आठवण येईल. मी तासगावकडची. माझंही 'हुतं'चं 'होतं' त्यांनीच केलं. सुट्टीत घरी गेले की आई म्हणायची, काय गं रेडिओवानी बोलतीस. मला ते कौतुक वाटायचं.

निवृत्तीनंतर सर साताऱ्याला राहायला गेले. किल्ल्याच्या पायथ्याला त्यांचं वडिलोपार्जित लहान घर होतं. पत्नी आधीच गेल्या होत्या, मुलगी बंगळुरात. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचे, आणि जाताना बहुतेक वेळा एखादा जुना कीबोर्ड घेऊन जायचे. हा मला लागलेला नाद. नवे कीबोर्ड हाताला पोकळ लागतात, म्हणून आधी एक जुना घेतला, मग दुसरा, मग घरात एक कपाट त्यानं भरलं. जुन्या बाजारात, भंगारात मिळतात. कुठला, कधीचा, कशासाठी केलेला, हे शोधण्यात माझा वेळ छान जायचा. इंटरनेटवर अशा वेड्यांचे ग्रुप आहेत. पण खरी परीक्षा साताऱ्याला व्हायची. सर कीबोर्ड मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे, कानाजवळ नेऊन एखादं बटण दाबायचे आणि म्हणायचे, हा बँकेतला. किंवा, हा तारेच्या ऑफिसात असणार, याची एंटर बघ कशी झिजलीय. मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर निघायचा आणि आम्ही तो उघडायचो. ते दुपारचे तास माझ्या आयुष्यातले चांगले तास होते, हे मी आजही नाकारत नाही.

हिरवा कीबोर्ड मला सांगलीत सलीमभाईंकडं मिळाला. सलीमभाईंचं भंगाराचं दुकान. ते माझ्यासाठी असल्या वस्तू बाजूला काढून ठेवायचे. "मॅडम, ह्ये बघा, कवाचं ठेवलंय तुमच्यासाठी. मराठी हाय," ते म्हणाले. पत्र्याची जड पेटी, शेतीच्या पंपाला असतो तसला हिरवा रंग. नेहमीच्या कीबोर्डपेक्षा बटणं बरीच जास्त. अक्षरं छापलेली नव्हती, टोकदार काहीतरी घेऊन कोरलेली आणि आत पांढरा रंग भरलेला. 'ळ' अगदी मधोमध, बोटाला सगळ्यात आधी लागेल असा. काना, मात्रा, वेलांट्या खाली एका वळणदार ओळीत, जिथं दोन्ही अंगठे टेकतात तिथं. आणि उजव्या कडेला काही रुंद बटणं, त्यांच्यावर अक्षर नव्हे तर पूर्ण शब्द: मौजे, गट, हेक्टर, आर, वल्द.

असला कीबोर्ड मी कधी पाहिला नव्हता. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, पट्टी नाही. घरी आणून संगणकाला जोडायचा खटाटोप केला, पण तो पूर्ण मुका होता. फोटो काढून कीबोर्डवेड्यांच्या ग्रुपवर टाकले. परदेशातल्या एका जाणकारानं लिहिलं की लष्करी असावा. पुण्याच्या एका मुलाला तो छापखान्यातला वाटला. बटण दाबल्यावर आवाज जवळजवळ येत नव्हता, म्हणजे आत चुंबकावर चालणारी काचेची नळी असणार, एवढं मला कळत होतं. जमिनीच्या नोंदींचे शब्द बघून तलाठी कार्यालयासाठी केला असावा, हाही अंदाज होता. पण कुणी केला? सर सांगतील, असं मनाशी म्हणत मी सातारची एसटी धरली.

मी पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला तेव्हा सर चष्मा पुसत होते. चष्मा लावून त्यांनी पाहिलं. हात सवयीनं पुढं आला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी 'ळ' एकदा दाबला. मांडीवर घेतला नाही, कानाशी नेला नाही.

"कुठं मिळाला?"

भंगारात, असं मी सांगितलं.

"मग भंगारातच देऊन टाक. कुणा हौशी माणसाचा उद्योग आहे. यात ओळखण्यासारखं काही नाही."

मला हसू आलं. सरांनी एखादी वस्तू न उघडता बाजूला सारली, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हणाले, निदान चालू का होत नाही ते तरी बघू. सर खिडकीकडं बघत म्हणाले, डाव्या हाताचं सॉकेट रिकामं असेल, त्यातली चिप नसेल. मग म्हणाले की त्यांना जरा पडायचंय. त्या दिवशी चहा झाला नाही.

घरी येऊन मी स्क्रू काढले. आत काचेच्या नळ्यांच्या नीट ओळी, हातानं सोल्डर केलेलं बोर्ड, इतकं स्वच्छ काम की बघत राहावं. आणि डाव्या हाताला चिपचं एक सॉकेट, रिकामं. मी थक्क झाले. पत्र्याच्या बाहेरून या माणसानं आतलं सांगितलं! दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट वर्गात मुलांना सांगितली. म्हणाले, याला म्हणतात अनुभव.

पण कोडं सुटलं नव्हतंच. मी पुन्हा सलीमभाईंकडं गेले. हे कुठून आलं, आठवतंय का म्हणून विचारलं. त्यांना आठवत होतं. हायवे रुंद झाला तेव्हा उंब्रजला रस्त्याकडेची घरं गेली, त्यातल्या एका घरातलं सामान त्यांच्या भावानं उचललं होतं. बाई एकट्याच होत्या, आडनाव बंडगर, अंगणवाडीत होत्या म्हणतात. एका रविवारी मी कीबोर्ड घेऊन उंब्रजला गेले.

कमल बंडगर आता खताच्या एका दुकानामागं दोन खोल्यांत राहत होत्या. साठी उलटलेली, सडपातळ, ताठ बाई. मी नाव सांगितलं, सांगलीहून आले म्हणाले, आणि पिशवीचं तोंड उघडलं. हिरवा पत्रा दिसताच त्या पुढं झाल्या.

"ह्यो परत आला व्हय?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. त्यांनी मला अक्षरं दाखवली. ती त्यांच्या नवऱ्यानं कर्कटकाच्या टोकानं कोरली होती, आणि त्यात पांढरा ऑइलपेंट कमलकाकूंनी भरला होता, काडीला कापूस गुंडाळून. एका 'ठ'मध्ये रंग जरा बाहेर गेला होता. तो बघून त्या म्हणाल्या, तवा बाळ रडत हुतं.

त्यांच्या नवऱ्याचं नाव बिरू बंडगर. आटपाडीकडचे. वडील मेंढरं घेऊन पावसाळ्यापर्यंत कोकणाकडं जायचे, हा एकटा शाळेत राहिला, शिकत गेला, इंजिनिअर झाला आणि आमच्याच तंत्रनिकेतनात शिकवायला लागला. म्हणजे मी तिथं विद्यार्थिनी म्हणून येण्याच्या काही वर्षं आधी. त्यांच्या विभागाचे प्रमुख खटावकर सर.

हे नाव ऐकून मी सांगणार होते की ते माझे गुरू. पण काकू बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात असं काही होतं की मी थांबले.

संगणक तेव्हा नुकते येऊ लागले होते. सरकारी कामात मराठी कशी आणायची याची एक योजना निघाली होती, आणि आमच्या संस्थेलाही कीबोर्डचा नमुना करायला सांगितलं होतं. खटावकर सर त्याच्यावर बराच काळ काम करत होते, पण त्यांचा नमुना जमत नव्हता. जोडाक्षरं अडायची. बंडगरांनी घरी वेगळाच आराखडा काढला. त्यांच्या वडिलांची जमीन नोंदीतल्या एका चुकीपायी अडकलेली, त्यामुळं तलाठ्याकडं चकरा मारण्यातच त्यांचं लहानपण गेलेलं. कुठला शब्द किती वेळा लिहावा लागतो हे त्यांना पाठ होतं. कीबोर्ड तयार झाला आणि चालला. सगळा प्रोग्रॅम एका चिपमध्ये भरलेला, ती त्या डाव्या सॉकेटमध्ये बसायची. त्यांनी तो सगळ्यात आधी खटावकर सरांना दाखवला. सरांनी त्याच्यावर स्वतःचं नाव टाइप केलं, पाठ थोपटली, म्हणाले, मुंबईचे पाहुणे बोलावतो. कार्यक्रम ठरला. आदल्या संध्याकाळी सर म्हणाले, वस्तू मोलाची आहे, माझ्या कपाटात ठेव, कुलूप आहे.

सकाळी हॉल भरला होता. काकूही मागं बसल्या होत्या, लुगड्यात, मांडीवर मूल घेऊन. कीबोर्ड जोडला. एकही अक्षर उमटलं नाही.  बंडगर उघडून बघतो म्हणाले. खटावकर सर म्हणाले, पाहुण्यांना तेवढा वेळ नाही. मग ते उठून उभे राहिले आणि पाहुण्यांची माफी मागताना हसत हसत म्हणाले, आमच्या बंडगरांना अजून 'नाही' म्हणता येत नाही, 'न्हाई' म्हणतात, त्यांच्या यंत्राकडून तरी किती अपेक्षा करायची. हॉल हसला. पाहुणेही हसले. नंतर दुसऱ्याच कुणाचा नमुना मंजूर झाला, सरांचाही नाही.

"घरी आल्यावर ह्यांनी उघडून बघितला," काकू म्हणाल्या. "चिप न्हवती. आदल्या दिशी हुती, मी डोळ्यांनी बघितलेली. कपाटाची किल्ली एकट्या खटावकरांकडं."

मी विचारलं, तक्रार का नाही केली? त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "कोन ऐकनार हुतं, बाई?" नवी चिप भरता आली असती, पण चिप भरायचं यंत्र लॅबमध्ये, आणि लॅब सरांच्या ताब्यात. बंडगरांनी त्या वर्षीच नोकरी सोडली. उंब्रजला येऊन शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी भरायला लागले. चांगल्या भरायचे. पण कीबोर्डचा विषय त्यांनी परत काढला नाही आणि घरात कुणाला काढू दिला नाही. तो माळ्यावर पडून होता. ते वारले, पुढं घर पाडलं, तेव्हा काकूंनी तो भंगारवाल्याला दिला. मुलगा पुण्याला, त्याला हे काही माहीत नाही. मी म्हणाले, हा तुमचा आहे, ठेवून घ्या. त्या म्हणाल्या, नको, मला त्यो बघवत न्हाई, तुमी न्या, पर ह्यांचं नाव लावा कुठंतरी.

परतीच्या एसटीत मला साताऱ्याचा तो दिवस सारखा आठवत होता. डाव्या हाताचं सॉकेट. त्यांनी ते ओळखलं नव्हतं, त्यांना ते ठाऊक होतं. आणि मी वर्गात मुलांना काय सांगून बसले होते!

पुढच्याच आठवड्यात मी साताऱ्याला गेले. या वेळी हात रिकामे होते. सरांनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून खुर्चीत जाऊन बसले. मी म्हणाले, उंब्रजला जाऊन आले. ते म्हणाले, बरं. मी म्हणाले, चिप तुम्ही काढली होती. मला वाटलं ते नाकारतील. नाकारलं असतं तर कदाचित मी अजूनही शंकेला जागा ठेवली असती.

"हो," ते म्हणाले. "घाटावर जाऊन कृष्णेत टाकली."

मी विचारलं, का? त्यावर ते बराच वेळ बोलले. आवाज कुठंही चढला नाही. दोन वर्षं ते रोज त्या कामावर बसत होते. जोडाक्षरं सुटत नव्हती. आणि कालचा पोरगा, ज्याला आपण विभागात घेतलं, ज्याला चारचौघांत कसं बोलायचं ते आपण शिकवलं, तो घरी बसून ते सोडवून आणतो आणि पायाला हात लावून समोर ठेवतो. त्याच्यावर आपलं नाव टाइप केलं तेव्हा ते पहिल्या फटक्यात बरोबर उमटलं. "तुला कळणार नाही, माने," ते म्हणाले. "तुझ्या हातून काही अडलेलं नाही, कारण तू काही करायलाच घेतलेलं नाहीस."

हे वाक्य मला लागलं, आणि ते लागावं म्हणूनच म्हटलेलं होतं. मी विचारलं, मागाहून कधी वाईट वाटलं का? त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "त्यानं पुन्हा का नाही केला? एक चिप गेली म्हणून माणूस मोटारी भरत बसतो? मी असतो तर दुसऱ्या महिन्यात परत उभा राहिलो असतो." आणि हे म्हणताना ते पहिल्यांदा चिडले. बंडगरांवर चिडले! इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसावर, त्यानं हार मानली म्हणून. मी उठले. चहा ठेवतो म्हणाले, मी थांबले नाही.

आमच्या संस्थेत जुन्या उपकरणांचं एक काचेचं दालन तयार होत होतं, त्याची जबाबदारी माझ्याकडं. मी हिरवा कीबोर्ड तिथं मांडला आणि कार्ड लिहिलं: 'हा मराठी कीबोर्ड या संस्थेतील अध्यापक बिरू बंडगर यांनी तयार केला. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी यातील मुख्य चिप कुणीतरी काढून घेतली. ती मिळाली नाही.' सरांचं नाव लिहिलं असतं तर प्राचार्यांनी कार्डच काढलं असतं. ही ओळही त्यांना नको होती. कशाला कटुता, मॅडम, म्हणाले. मी म्हणाले, ओळ जाणार असेल तर कीबोर्डही जाईल. ते तयार झाले, पण एक अट घातली. दालनाचं उद्घाटन खटावकर सरांच्या हस्ते, कारण संस्थेचं सगळ्यात मोठं नाव तेच. मी मनाशी म्हणाले, ते येणारच नाहीत. कार्डावर काय आहे ते मी मुद्दाम त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "येतो."

उंब्रजहून कमलकाकूंना मी स्वतः घेऊन आले. त्या दुसऱ्या ओळीत बसल्या. नवं इस्त्रीचं पातळ, हातात रुमाल. सर पांढऱ्या बुशशर्टात आले. मुलं पाया पडायला धावली. फीत कापली गेली. सर काचेजवळ गेले, कंबरेत वाकून कार्ड पूर्ण वाचलं आणि माइककडं वळले.

ते बंडगरांवर बोलले. इतकं सुंदर बोलले की ज्यांनी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं त्यांचेही डोळे भरले. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातून आलेला मुलगा, त्याची बुद्धी, त्याचा आराखडा, 'ळ' मध्ये का, वेलांट्या अंगठ्याखाली का. सगळं नेमकं. त्या कीबोर्डची इतकी चांगली समज बंडगरांनंतर फक्त त्यांनाच होती. माझ्या डोळ्यांदेखत हा असा एकच माणूस झाला, असं ते म्हणाले. एका विद्यार्थ्यानं हात वर करून विचारलं, सर, चिप कुणी काढली ते कळलं का? सरांनी मान हलवली. म्हणाले, नाही, तो शोध राहून गेला.

तेव्हा कमलकाकू उठून उभ्या राहिल्या. आवाज मोठा नव्हता, पण हॉल शांत होता.

"सर, कपाटाची किल्ली तुमच्याकडं हुती."

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं नाही. सगळ्यांची डोकी मागं वळली आणि मग पुढं, सरांकडं. सरांनी त्यांना ओळखलं. ते माइक सोडून एक पाऊल पुढं आले, दोन्ही हात जोडले.

"बाई बरोबर बोलतायत. किल्ली माझ्याकडे होती. म्हणजे राखण माझी होती. ती मी करू शकलो नाही, हा दोष माझा. आज सगळ्यांसमोर मी तो कबूल करतो."

टाळ्या पडल्या. आधी पुढच्या ओळीतून, मग सगळीकडून. मुलं उभी राहिली. एवढा मोठा माणूस एवढ्याशा चुकीची जाहीर माफी मागतो, असं शेजारची एक मुलगी दुसरीला म्हणाली. सर हात जोडून तसेच उभे होते. काकू टाळ्यांमध्येच खाली बसल्या.

मी त्यांना बाहेर घेऊन आले. पाणी दिलं.  त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "लय ग्वाड बोलत्यात. तवाबी असंच ग्वाड बोलायचे." मग स्टँडवर सोडा म्हणाल्या. चहाला थांबल्या नाहीत.

त्यांना रिक्षात बसवून मी परत आले तेव्हा सरांची गाडी फाटकाशी उभी होती. भोवती मुलं, कुणी फोटो काढतंय, कुणी पाया पडतंय. मला बघून त्यांनी काच खाली केली आणि मला हातानं जवळ बोलावलं. मी गेले. ते आता काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. त्यांचा चेहरा थकलेला होता, पण शांत होता, चांगला झालेला तास संपवून बाहेर आल्यावर असायचा तसा.

"माने, ते कार्ड जरा वर लाव," ते म्हणाले. "वाचायला फार वाकावं लागतं."

त्यांनी काच वर केली. मुलं बाजूला झाली आणि गाडी सातारच्या रस्त्याला लागली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.